भुरळ, पोट आणि दारं धरणं

आमच्याकडे कोल्हापुरात कुणाच्या बांगड्या गेल्या की दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली बातमी ठरलेली असते : 'भुरळ पाडून वृद्धेचे दागिने लंपास'. ठिकाण बदलतं. कधी मिरजकर तिकटी, कधी राजारामपुरीतली एखादी गल्ली. पद्धत तीच. मोटरसायकलवरून दोघं येतात. "आजी, आम्ही पोलीस. पुढच्या चौकात आत्ताच मोठी चोरी झालीय. एवढं सोनं घालून कुठं निघालाय? काढा, रुमालात बांधून देतो." आजी काढतात. तो नीट गाठ मारतो, पुरचुंडी पिशवीच्या तळाला ठेवायला लावतो आणि वर "जपून जावा" असंही सांगतो. घरी येऊन गाठ सोडली की आत खडे.

माझ्या चुलत सासूबाईंच्या पाटल्या अशाच गेल्या. आम्ही जमलो तेव्हा त्या कॉटवर बसून एकच सांगत होत्या, "त्यानं माझ्या डोळ्यात बघितलं गं. मला काय कळंनाच झालं. माझ्या हातानं काढून दिलो." चुलत सासरे म्हणाले, "हिप्नॉटिझम केलंय, दुसरं काय." शेजारच्या काकूंनी नाकाला रुमाल लावला होता का ते विचारून घेतलं. सगळ्यांचं एकमत झालं आणि त्या एकमतात थोडी दयाही होती. सत्तरी उलटलेल्या बाईला 'तुम्ही फसलात' असं तोंडावर म्हणण्यापेक्षा 'तुमच्यावर प्रयोग झाला' म्हणणं सगळ्यांनाच सोयीचं. पण खरं पाहिलं तर पोलीस म्हटल्यावर वाटणारा दरारा, दुपारची सुनसान गल्ली, 'चला, लवकर करा' अशी घाई आणि अंगावरच्या सोन्याची धास्ती, एवढं पुरतं. डोळ्यांची काही गरज नाही. भामटा गॉगल लावून आला असता तरी पाटल्या गेल्याच असत्या.

या पार्श्वभूमीवर पोटाच्या डॉक्टरांनी मला "हिप्नोथेरपी करून बघा" (म्हणजे संमोहनानं उपचार) असं सुचवलं, तेव्हा घरात काय झालं असेल याची कल्पना करा. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जाताना मंगळसूत्र काढून जा."

माझा आजार सांगायला लाजिरवाणा आणि ऐकायला किरकोळ. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. पोटात कळ येते, धावावं लागतं, मग दोन दिवस काहीच होत नाही, पुन्हा कळ. सोनोग्राफी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. रिपोर्टची फाईल जाड होत गेली आणि प्रत्येक पानावर मी ठणठणीत होते. पुण्याला जायचं म्हटलं की एसटीत दाराजवळची सीट, आदल्या रात्रीपासून उपास आणि पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी अशा क्रमानं कुठलं हॉटेल कुठे येतं आणि त्याचं स्वच्छतागृह कसं आहे, हे तोंडपाठ. मिसळ बंद. तांबडा बंद, पांढराही बंद. कोल्हापुरात राहून हे पाळणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. जेवणावळीत "थोडा तरी घे की गं रस्सा" म्हणणाऱ्यांना पोट दाखवता येत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं मला पटलं ते असं. आतड्याची रचना बिघडलेली नाही. आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना मात्र फार तीव्र झाल्यात. जेवढा गॅस दुसऱ्याला जाणवतही नाही, तेवढ्यानं माझ्या पोटात कळ उठते. मग भीती, भीतीनं आतड्याची हालचाल आणखी वाढते, म्हणजे पुन्हा कळ. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी औषधांनी न सुधारलेल्या तीस रुग्णांवरचा प्रयोग 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. संमोहन मिळालेल्या गटाची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली होती. पुढे यावर बरंच काम झालं आणि ब्रिटनच्या नाईस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत, वर्षभर औषधं घेऊनही फरक पडत नसेल तर विचार करावा अशा उपचारांत हिप्नोथेरपीचं नाव आलं. म्हणजे सुचवणारे डॉक्टर काही गंडेदोरेवाले नव्हते.

राजारामपुरीत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमची खोली. मी लोलक शोधत होते. भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा, मागे सरकणारी एक खुर्ची. बस्स. पहिल्या भेटीत संमोहन झालंच नाही. तासभर प्रश्न. वजन अचानक उतरलंय का, शौचातून रक्त जातं का, फिट येते का, कधी कुणी नसताना आवाज ऐकू आलेत का, घरात कुणाला मानसिक आजार आहे का. हे कशाला, तर पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर माणसाला आधी पोटाच्या डॉक्टरकडेच परत पाठवायचं असतं आणि भास-भ्रमाचा आजार असेल तर संमोहन त्रास वाढवू शकतं. ज्या ठिकाणी हे न विचारता थेट डोळे मिटायला सांगतात, तिथून उठून यावं असं माझं मत झालंय.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

"मी भलतंच काही बोलून जाईन याची."

"तुम्हाला माझा शब्दन् शब्द ऐकू येत राहील. खालचा रिक्षाचा हॉर्नही येईल. नाही पटलं तर डोळे उघडून घरी जाऊ शकाल. खोटंसुद्धा बोलू शकाल," त्या म्हणाल्या. "आणि फार तर काय, झोप लागेल. ती मात्र आपल्या कामाची नाही."

मला केशवराव भोसले नाट्यगृहात कॉलेजात असताना पाहिलेला संमोहनाचा प्रयोग आठवत होता. (तेच नाट्यगृह, जे २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळताना अख्खं गाव रस्त्यावर उभं राहून रडत होतं.) आमच्या वर्गातला एक पैलवान गडी स्टेजवर कच्चा कांदा सफरचंद म्हणून खात होता. आम्ही खुर्च्यांवर उभे. ते कसं घडलं हे मॅडमनी समजावलं आणि मला त्या प्रयोगाचा क्रम पुन्हा दिसला. सुरुवातीला त्या कलाकारानं सगळ्या प्रेक्षागृहाला हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवायला लावली होती. 'आता सुटणार नाहीत.' बहुतेकांची सुटली. ज्यांची सुटली नाहीत त्यांनाच वर बोलावलं. वर गेल्यावरही चार-पाच जणांना पाठीवर थाप देऊन खाली पाठवलं. उरले ते मुळातच सूचनेला चटकन प्रतिसाद देणारे, त्यात स्टेजवर जायची हौस असलेले, त्यात दिवे आणि हजारभर डोळे. चाळणी आधीच लागली होती. आम्हाला वाटलं, त्या माणसाच्या नजरेत जादू आहे.

सूचनेला प्रतिसाद देण्याची ही क्षमता माणसागणिक कमी-जास्त असते आणि ती मोजताही येते. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइत्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये तिची मोजपट्टी तयार केली. हात जड होऊन खाली येतोय, कोपर वाकत नाहीये, अशा एकेक सूचना द्यायच्या आणि किती जमल्या ते मोजायचं. नंतरच्या एका आवृत्तीत तर हाताभोवती डास घोंगावतोय अशीही सूचना आहे. साधारण दहा-पंधरा टक्के लोक फार उत्तम प्रतिसाद देतात, जवळपास तेवढ्यांना काहीच होत नाही, बाकी आपण सगळे मध्ये. तीच माणसं पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासली तरी आकडा फारसा बदललेला नव्हता. भोळेपणाशी याचा संबंध नाही, कमकुवत मनाशी तर नाहीच. वाचता वाचता हाक ऐकू येईनाशी होणारी माणसं यात पुढे असतात असं मॅडम म्हणाल्या. माझ्या नवऱ्यानं यावर मान डोलावली. दूध उतू गेल्याची त्याची एक वेगळी यादी आहे.

हे सगळं नजरेत नसून समोरच्याच्या मनात आहे, ही गोष्ट प्रथम ठामपणे मांडणारा माणूस आपल्या शेजारचा निघाला, याचं मला फार कौतुक वाटलं. आधी पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरचा बोलबाला होता. शरीरातून एक चुंबकी द्रव वाहतो आणि तो आपण हातांनी वळवतो, असं तो सांगे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत एका झाडात हा द्रव भरला आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेलं. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. ते झाड चुकीचं होतं. द्रव-बिव काही नाही, कल्पनाशक्तीचं काम आहे, असा निकाल देऊन समितीनं फाईल बंद केली. पण कल्पनाशक्ती जर माणसाला आडवं पाडू शकते तर तिच्याकडून आणखी काय काय होईल, हा प्रश्न त्यांनी हातात येऊन सोडून दिला, असं मला वाटतं.

तो उचलला आबे फारियानं. १७५६ मध्ये गोव्यात कांदोळीला जन्म, मग वडिलांबरोबर पोर्तुगाल, रोम आणि शेवटी पॅरिस. पाद्री माणूस. त्याची एक गोष्ट गोव्यात अजून सांगतात. मोठमोठ्या लोकांपुढे प्रवचन देताना त्याची जीभ अडली. तेव्हा वडील मागून कोकणीत कुजबुजले, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! आणि पोरगा सुटला. खरी-खोटी देव जाणे, पण पुढे सूचनेच्या ताकदीवर ज्यानं आयुष्य घातलं त्याला ही गोष्ट शोभते. फारिया लोकांना आरामखुर्चीत बसवायचा, डोळे मिटून झोपेवर लक्ष द्यायला सांगायचा आणि मग मोठ्यानं म्हणायचा, 'झोपा!' त्याचं म्हणणं असं की माझ्यात काही शक्ती नाही. जे होतं ते खुर्चीत बसलेल्याकडून होतं. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो गेला. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ पासून त्याचा पुतळा आहे. कोल्हापूरची निम्मी सहल त्या पुतळ्यासमोर फोटो काढून पुढं बीचवर जाते. पुतळ्यात तो दोन्ही हात पसरून एका कोसळणाऱ्या बाईवर वाकलाय, झगा उडतोय. म्हणजे ज्यानं हातांची जादू नाकारली, त्याच्या पुतळ्यात सगळी जादू हातांतच दाखवली! शिल्प झकास आहे, तक्रार नाही.

आणखी एक नाव सांगायला हवं. जेम्स एस्डेल, कंपनी सरकारचा स्कॉटिश सर्जन. १८४५ पासून हुगळीला त्यानं मेस्मरची पद्धत वापरून मोठमोठ्या गाठी कापल्या, रुग्णानं हूं की चूं न करता. सुरुवात तुरुंगातल्या कैद्यापासून. भूल द्यायचं औषध अजून आलेलं नव्हतं. लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि तासन् तास अंगावरून हात फिरवत बसायला कुणालाच वेळ उरला नाही.

आता खुर्चीबद्दल. दुसऱ्या भेटीत मॅडमनी ती मागे झुकवली आणि छतावरच्या एका डागाकडे बघायला सांगितलं. पापण्या जड झाल्या तर मिटू द्या. श्वास सोडताना खांदे खाली. मग आकडे, दहापासून उलटे. मला स्वच्छ कळत होतं की मी राजारामपुरीत आहे, खाली कुणीतरी शटर ओढतंय, 'भंगाऽऽर' असा आवाज गेला. फक्त त्या आवाजाचं काही करायचं नव्हतं. हात मांडीवर होते, ते उचलावेत असं वाटत नव्हतं. उचलता आले असते, पण कोण उचलतंय.

मग त्या म्हणाल्या, "पोटावर तळहात ठेवा. त्याची ऊब आत जातेय. आता डोळ्यासमोर एक नदी आणा. संथ, भरलेली, शांत वाहणारी..."

आणि मला हसू फुटलं. कारण कोल्हापूरकराच्या डोळ्यासमोर नदी म्हटल्यावर पंचगंगा येते आणि पंचगंगा म्हटल्यावर राजाराम बंधारा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ चा ऑगस्ट, पुन्हा २०२१ चा जुलै, मोबाईलवर तासातासाला येणारे फुटांचे आकडे, माळ्यावर चढवलेली धान्याची पिंपं. भरलेली नदी आणि शांत पोट? मॅडमही हसल्या. आतड्याच्या संमोहनात नदीची कल्पना सर्रास वापरतात म्हणे, मँचेस्टरकडून आलेली. तिकडच्या नद्या बहुतेक शहाण्यासारख्या वागत असाव्यात.

"मग तुमचं पाणी कुठलं?" त्यांनी विचारलं.

माझं माहेर भोगावतीकाठचं. शेतीला लाईट रात्रीची असली की आण्णा दारं धरायला निघायचे आणि मी बॅटरी धरायला. मोटर सुरू झाली की पाटातून पाणी येताना आधी आवाज येतो, मग वाळल्या पाचटाचा भिजलेला वास. आण्णा खोऱ्यानं एका सरीचं तोंड फोडायचे. पाणी आत शिरायचं, ढेकळाशी थबकायचं, बाजूनं वाट काढायचं, पुन्हा पुढे. आपण काठावर उभं राहायचं. सरी टोकापर्यंत भिजली की खोऱ्याभर चिखल टाकून ते तोंड बंद, पुढचं उघडायचं. घाईनं दोन सऱ्यांत एकदम सोडलं तर बांध फुटतो. पाय गुडघ्यापर्यंत गार पडलेले, हातात बॅटरी, आणि आण्णांचं मध्येच, "हां, आलं टोकाला."

मग आमची सेशन्स तिथं झाली. पाणी किती सोडायचं, कुठल्या सरीत, किती वेळानं, हे ठरवणारी मी. कळ यायला लागली तर तोंड थोडं बुजवायचं. मॅडम फक्त आवाज देत होत्या. शेवटी त्यांनी पाचपर्यंत आकडे मोजले, मी डोळे उघडले, घड्याळात अर्धा तास गेला होता. मला दहाएक मिनिटं वाटली. काही विसरले नव्हते. थोडी भूक लागली होती.

खरं काम घरी. सेशनचं रेकॉर्डिंग फोनमध्ये, रोज दुपारी हेडफोन लावून ऐकायचं. पोटासाठी साधारण सात ते बारा सेशन्स धरतात, आठवड्या-पंधरवड्याच्या अंतरानं. पहिले काही आठवडे काही म्हणजे काही झालं नाही आणि मी पैसे वाया जाताहेत असं घरी बोलूनही दाखवलं. मग कधीतरी लक्षात आलं की कळ येते, पण तिच्यामागून येणारी घाबरगुंडी येत नाही. वेदना आणि वेदनेचा जाच या दोन गोष्टी सुट्या करता येतात, हे १९९७ मध्ये माँट्रिअलच्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं होतं. संमोहित माणसांचा हात चटका बसेल एवढ्या गरम पाण्यात ठेवून त्यांनी फक्त 'याचा त्रास कमी वाटेल' किंवा 'जास्त वाटेल' अशी सूचना दिली. पाणी तेवढंच गरम, पण जाच नोंदवणाऱ्या भागातली हालचाल सूचनेप्रमाणे बदलली.

मी बरी झाले का? बरीच. पूर्ण नाही. मार्च-अखेरीच्या कामात आणि घरच्या लग्नात पोट डोकं वर काढतं. गोळी अजून पर्समध्ये असते. औषधं आपल्या मनानं बंद करू नका असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पुण्याला जाताना मागची सीट चालते आणि महिन्यातून एकदा मिसळ, कट बेतानं.

एक गोष्ट मात्र मला आता सोसत नाही. हॉलच्या बाहेर लागलेले फ्लेक्स. 'पूर्वजन्मात जा', 'एका सेशनमध्ये लठ्ठपणा गायब, मधुमेह मुक्त'. लठ्ठपणा आणि मधुमेह बरा करण्याच्या असल्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानं बंदी आहे, फ्लेक्सला ते कोण सांगणार. आणि पूर्वजन्माचं म्हणाल तर संमोहनात आठवणी अचूक होत नाहीत. वाढतो तो त्या खऱ्या असल्याचा विश्वास. सांगणाऱ्यानं दिलेल्या धाग्यावर मन स्वतःहून कापड विणतं आणि मग ते आपलंच वाटतं. म्हणूनच अमेरिकेतल्या कित्येक न्यायालयांत संमोहनातून मिळालेली साक्ष चालत नाही. गेल्या जन्मी आपण सरदार होतो हे कळून कुणाचं फारसं बिघडत नाही. लहानपणी घरातल्या कुणी छळ केला होता अशी न घडलेली आठवण कुणी रुजवली, तर घरं मोडतात. तेव्हा जायचं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी विचारून, किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे. मॅडमचं एक वाक्य मी सगळ्यांना सांगते : जो आजार मला संमोहनाशिवाय हाताळता येत नाही, तो मी संमोहनानंही हाताळू नये.

आमच्या गल्लीत माझी बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे काका परवा जिन्यात थांबले. त्यांचा मुलगा दिवसभर मावा खातो, दुकानाच्या काउंटरखाली पुड्यांचा ढीग.

"वहिनी, तुमच्या त्या मॅडम मावा सोडवतात का?"

म्हटलं, तंबाखूच्या बाबतीत संमोहनाचा पुरावा तेवढा पक्का नाही. समुपदेशन आणि निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगमचा आधी विचार करा. सरकारची क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. तो तयार आहे का सोडायला?

"तो कसला तयार होतोय," काका म्हणाले. मग जिन्यावरून खाली-वर बघून आवाज उतरवला. "त्याला न कळता करता येतं का बघा की. चहाला म्हणून घेऊन जातो."

"नाही येत, काका. त्याचं त्यालाच करावं लागतं ते."

काका माझ्याकडे बघत राहिले. "मग हिप्नॉटिझम कशाला म्हणायचं त्याला?" आणि पिशवी सावरत वर गेले. क्विटलाइनचा नंबर मी संध्याकाळी त्यांच्या मिसेसना व्हॉट्सअॅप केला.